जोडी रंगीत लावली, तरी पिल्लं हिरवीच? बजीच्या जोड्या कशा तपासायच्या

ऑक्टोबर हीट ओसरली की मुंबईत बजीच्या, म्हणजे छोट्या ऑस्ट्रेलियन पोपटांच्या, जोड्या लागतात, आणि डिसेंबरपासून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागतो. "ताई, पिवळी लुटिनो मादी आणली, चांगला टवटवीत हिरवा नर लावला, पाच पिल्लं निघाली. पाचही हिरवी. मला फसवलं का?" कधी लुटिनोच्या जागी ओपलाइन असते, कधी सिनॅमन, कधी भरपूर पैसे मोजून आणलेला फॅलो; ही सगळी बजीच्या रंगांची नावं. शेवट तोच: हिरवी पिल्लं, आणि पक्षी विकणाऱ्यावर राग.

फसवणूक होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण विचारायला येणाऱ्या बहुतेकांचे पक्षी अस्सल असतात. पिल्लांचा बाप खरोखर कोण हे नक्की नसतं, किंवा तो रंग आईकडून आणि बापाकडून कसा उतरतो हे जोडी लावण्याआधी पाहिलेलं नसतं. म्हणून खालच्या क्रमानेच तपासा. रंगाचं गणित सगळ्यांना आधी हवं असतं, पण बाप आणि नर-मादी पक्के नसतील तर ते गणित मांडून काही हाती लागत नाही.

बाप कोण?

आपल्याकडे जागा कमी. गॅलरीत एक मोठा पिंजरा, त्यात पाच-सहा जोड्या आणि अंडी घालायला भिंतीला टांगलेले मटके, ही मुंबईतली नेहमीची मांडणी. पक्षी त्यात खूश असतात, अंडी भरपूर होतात. पण रंगासाठी ब्रीडिंग करायचं असेल तर ही मांडणी चालत नाही. बजीचा नर मादीला भरवतो, तिच्याशेजारी बसून राहतो, म्हणून आपण जोडी पक्की धरतो. त्याच मादीचं शेजारच्या मटक्यातल्या नराशीही मीलन होऊ शकतं. शिवाय एका मटक्यात दोन माद्यांनी अंडी घातलेली असणंही काही दुर्मीळ नाही. अशा पिंजऱ्यातून निघालेल्या पिल्लावरून आईबापांच्या जनुकांबद्दल काहीच ठरवता येत नाही.

एका पिंजऱ्यात एकच जोडी ठेवा. दोन-अडीच फूट लांबीचे पिंजरे एकावर एक रचले तर वन रूम किचनमध्येही तीन-चार जोड्या बसतात.

दुसरी गोष्ट नवीन जोडीची. मीलनानंतर नराचं बीज मादीच्या शरीरात काही दिवस जिवंत राहतं. कॉलनीतून, म्हणजे अशा सामायिक पिंजऱ्यातून, उचललेली मादी तुम्ही आज नव्या नरासोबत ठेवली आणि आठवड्याभरात तिने अंडं घातलं, तर ते आधीच्या नराचं असू शकतं. म्हणून जोडी लावण्याआधी मादी तीन-चार आठवडे नरांपासून वेगळी ठेवा. "पहिल्या क्लचला (अंड्यांच्या पहिल्या खेपेला) वेगळेच रंग आले, दुसऱ्याला बरोबर आले" अशी तक्रार असते तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारते.

नर की मादी?

साध्या हिरव्या किंवा निळ्या बजीत हे सोपं आहे. नाकपुड्यांभोवतीची गादी नराची निळी असते आणि ब्रीडिंगला आलेल्या मादीची तपकिरी होते. अडचण नेमकी महागड्या रंगांत येते. लुटिनो, पूर्ण पांढरा अल्बिनो आणि अंगावर चट्टे असलेला रिसेसिव्ह पाइड यांच्या नराची गादी मोठेपणीही निळी होत नाही, गुलाबी-जांभळीच राहते. ज्याला हे माहीत नाही तो असा प्रौढ नर "लहान आहे अजून" किंवा "मादी आहे" म्हणून विकतो, आणि घेणाराही तसाच घेतो.

गादी नीट उजेडात बघा. पूर्ण गादी एकसारखी गुलाबी-जांभळी असेल तर नर. फिकट निळसर किंवा पांढरट असेल आणि नाकपुडीच्या भोकाभोवती पांढरी कडी दिसत असेल तर मादी. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लातही ही पांढरी कडी ओळखू येते. शंका उरली तर पिसावरून डीएनए टेस्ट करून घ्या. ज्या पक्ष्यावर पुढची दोन वर्षं घालवणार आहात, त्याच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

दोन माद्यांचीही जोडी जमते, दोघी अंडी घालतात, दोघी उबवतात. मटक्यात आठ-नऊ अंडी दिसली आणि सहाव्या-सातव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चसमोर धरल्यावर एकातही लाल शिरा दिसल्या नाहीत, तर गादी पुन्हा तपासा.

हिरवा रंग मुळात कशाचा?

ऑस्ट्रेलियातला रानटी बजी हिरवा असतो. जॉन गुल्डने १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले, तेव्हाही ते हिरवेच होते. या हिरव्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. पिसात पिवळं रंगद्रव्य असतं, आणि पिसाची आतली सूक्ष्म रचना व तिच्यामागचं काळं मेलॅनिन मिळून प्रकाशातला निळा भाग परत फेकतात. पिवळा अधिक निळा म्हणजे हिरवा. पिवळं द्रव्य बनलं नाही तर पक्षी निळा दिसतो. मेलॅनिन बनलं नाही तर पिवळा उरतो आणि डोळे लाल होतात, तो लुटिनो. दोन्ही नसतील तर पांढरा, तो अल्बिनो. म्हणजे अल्बिनो हा निळ्या घराण्यातला लुटिनो. एवढं पक्कं बसलं की अर्धी कोडी जागच्या जागी सुटतात.

पिवळं द्रव्य बनवणारं जनुक कोणतं, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. निळ्या बजीत त्या जनुकाने बनणाऱ्या प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं आणि तेवढ्याने पिवळं बनणं थांबतं. आई आणि बाप दोघांकडून बदललेली प्रत आली तरच पिल्लू निळं होतं. एकच आली तर पिल्लू हिरवं दिसतं, पण निळं आत घेऊन फिरतं. अशा पक्ष्याला आपण "स्प्लिट ब्लू" म्हणतो. रंगाच्या ब्रीडिंगमध्ये डोळ्याला दिसणारा पक्षी आणि आतला पक्षी वेगळे असतात, आणि पिल्लं आतल्या पक्ष्याची होतात.

सेक्स-लिंक्ड रंग: सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या

लुटिनो, अल्बिनो, ओपलाइन, सिनॅमन हे सगळे सेक्स-लिंक्ड आहेत, म्हणजे त्यांचं जनुक लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर बसतं. माणसात दोन एक्स असले की मुलगी. पक्ष्यांत उलट आहे: दोन झेड असले की नर, आणि मादीकडे झेड एकच, सोबत डब्ल्यू. मादीला तिचा एकुलता झेड बापाकडून मिळतो. आईचा झेड जातो तो फक्त मुलांकडे.

आता वरची तक्रार बघा. लुटिनो मादी, हिरवा नर. मुलींना झेड बापाचा मिळणार, तो हिरवा, म्हणून मुली हिरव्या, आणि त्यांच्यात लुटिनोचा अंशही नाही. मुलांना एक झेड आईचा लुटिनो, एक बापाचा हिरवा, म्हणून दिसायला हिरवी, आतून स्प्लिट. पाचही पिल्लं हिरवी निघणं हाच या जोडीचा बरोबर निकाल आहे. मादी अस्सल होती, नर अस्सल होता, कुणी फसवलं नाही.

हीच जोडी उलटी लावा. लुटिनो नर, हिरवी मादी. सगळ्या मुली लुटिनो, सगळी मुलं हिरवी स्प्लिट. पहिल्याच क्लचला रंग हातात, आणि वर नर-मादी ओळखायची कटकटही नाही. पिल्लू बाहेर आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हलक्या हाताने तळव्यावर घ्या आणि खिडकीच्या उजेडात मिटलेली पापणी बघा. त्या वयात कातडी इतकी पातळ असते की डोळा आरपार दिसतो. साध्या पिल्लाचा डोळा काळ्या मण्यासारखा, लुटिनोचा लालसर गुलाबी. सिनॅमनचा डोळा पहिले काही दिवस जांभुळ रंगाचा असतो आणि आठवड्याभरात गडद होत जातो, म्हणून सिनॅमन ओळखायची वेळ तीच. पिसं आल्यावर तपकिरी पट्ट्यांवरून कळतंच, पण वहीत आधी नोंद झालेली बरी. पिल्लू मिनिटभरात परत मटक्यात ठेवा, ते स्वतःची ऊब धरून ठेवू शकत नाही.

स्प्लिट नर आणि हिरवी मादी लावली तर मुलींपैकी अर्ध्या लुटिनो येण्याची शक्यता, मुलांत एकही दिसणार नाही. स्प्लिट नर आणि लुटिनो मादी लावली तर मुलं-मुली दोन्हीकडे निम्मी शक्यता. यापलीकडे वेगळं कोष्टक लागत नाही, आणि सिनॅमन, ओपलाइनलाही हेच लागू.

यातून एक गोष्ट आपोआप निघते, आणि ती प्रत्येक खरेदीच्या वेळी लक्षात ठेवा. लुटिनो, ओपलाइन किंवा सिनॅमनची "स्प्लिट मादी" जगात असू शकत नाही. मादीकडे झेड एकच. त्यावर रंग असेल तर तो दिसणार, दिसत नसेल तर नाही. कुणी "ही हिरवी मादी ओपलाइन स्प्लिट आहे" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर एक तर त्याला माहिती नाही, नाहीतर तो तुमच्या माहिती नसण्यावर पैसे करतोय. दोन्ही वेळा त्या जादा पैशाला अर्थ नाही.

लेसविंगचं थोडं वेगळं सांगायला हवं, कारण आता त्याची मागणी वाढली आहे. पिवळ्या किंवा पांढऱ्या अंगावर फिकट तपकिरी नक्षी आणि लाल डोळे, तो लेसविंग. एकाच झेडवर लुटिनोचं आणि सिनॅमनचं जनुक शेजारी शेजारी आलं की हा रंग बनतो. लोक लुटिनो आणि सिनॅमन यांची जोडी लावतात आणि त्यांच्या मुलाकडून लेसविंगची वाट बघत बसतात. त्या मुलाच्या एका झेडवर लुटिनो असतं आणि दुसऱ्यावर सिनॅमन. दोन्ही एका झेडवर यायला त्या गुणसूत्रांत नेमक्या जागी अदलाबदल व्हावी लागते, आणि ही जनुकं इतकी जवळ आहेत की ती शेकड्यात तीनच्या आसपासच होते. त्यातलीही निम्मीच तुम्हाला हव्या त्या बाजूची. दोन जोड्यांच्या घरी हा रस्ता धरू नका. लेसविंग हवा असेल तर लेसविंग नर घ्या. कोणत्याही हिरव्या मादीपासून त्याच्या सगळ्या मुली लेसविंग येतील.

रिसेसिव्ह रंग: इथे घाई नडते

निळा, रिसेसिव्ह पाइड, फॅलो, डायल्यूट या रंगांत नर-मादीचा फरक नाही, पण दोन्हीकडून जनुक यायला हवं. फॅलो आणि साधा हिरवा लावला तर सगळी पिल्लं हिरवी स्प्लिट. हेही बरोबरच.

गोंधळ पुढच्या पिढीत होतो. स्प्लिट आणि स्प्लिट लावला तर प्रत्येक पिल्लाची शक्यता चारात एक. चार पिल्लं झाली म्हणजे एक फॅलो हमखास, असा अर्थ लोक काढतात. तसं नसतं. प्रत्येक अंड्यात नाणं नव्याने उडतं, आधीच्या अंड्यात काय पडलं ते पुढच्याला ठाऊक नसतं. चार पिल्लांत एकही फॅलो न येण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे. दहा पिल्लांनंतरही शंभरातल्या पाच-सहा जोड्या रिकाम्या राहतील. एका क्लचवरून "स्प्लिट खोटे निघाले" म्हणणं अन्याय आहे.

स्प्लिट खरा की खोटा हे तपासायचं असेल तर त्याला त्याच रंगाच्या दिसणाऱ्या पक्ष्याशी लावा. मग प्रत्येक पिल्लाची शक्यता दोनात एक होते, आणि सलग पाच पिल्लं साधी आली तर तो स्प्लिट असण्याची आशा फारशी उरत नाही. खरा स्प्लिट असूनही असं होण्याची शक्यता ३२ मध्ये १ आहे.

स्प्लिट-स्प्लिट जोडीतून आलेली हिरवी पिल्लं सगळीच स्प्लिट नसतात. त्यातल्या तीनपैकी दोन स्प्लिट असण्याची शक्यता असते, आणि कोणते दोन ते बघून सांगता येत नाही. फॅलो आणि हिरवा यांची हिरवी पिल्लं मात्र सगळी नक्की स्प्लिट. विकत घेताना "आईबाप काय होते?" हा एक प्रश्न विचारा. उत्तर देता न येणाऱ्याकडून स्प्लिटचे पैसे देऊन पक्षी घेऊ नका.

दोन फॅलो लावूनही सगळी पिल्लं साधी? तेही होतं. जर्मन फॅलो आणि इंग्लिश फॅलो ही दोन वेगळ्या जनुकांवरची म्युटेशन्स, म्हणजे जनुकातले बदल, आहेत. दोघांची नक्षी तपकिरी छटेची, दोघांचे डोळे लाल. पण प्रौढ जर्मन फॅलोच्या लाल बुबुळाभोवती पांढरी कडी दिसते, इंग्लिशचा डोळा पूर्ण लाल असतो. त्यांना एकत्र लावलं की पिल्लं दोन्हींना स्प्लिट आणि दिसायला एकदम साधी.

पिवळा तो लुटिनो नव्हे

क्रॉफर्ड मार्केटमध्ये पिंजऱ्यांच्या रांगेसमोर उभं राहिलं की पिवळे बजी नजरेत भरतात. ते सगळे एका जनुकाचे नसतात. लाल डोळ्याचा पिवळा लुटिनो. काळ्या डोळ्याचा स्वच्छ पिवळा बहुधा डबल फॅक्टर स्पँगल, म्हणजे स्पँगल रंगाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला. काळ्या डोळ्याचा आणि पंखांवर पुसट नक्षी असलेला पिवळा डायल्यूट. लुटिनो मादी आणि डबल फॅक्टर स्पँगल नर लावला तर दोन पिवळ्यांपासून एकूणएक पिल्लं हिरवी स्पँगल येतात, आणि मालक चक्रावून जातो. लुटिनो मादी आणि डायल्यूट नर लावला तर चक्क साधी हिरवी. पांढऱ्यांतही हाच घोळ आहे, फक्त तिथे पिल्लं हिरवीऐवजी निळी येतात. डोळ्यांचा रंग दिवसा बघा, ट्यूबलाइटखाली नाही.

स्पँगल हा या सगळ्यांत सोपा रंग. एक प्रत आली तरी दिसतो. डबल फॅक्टर पक्षी कोणालाही लावा, सगळी पिल्लं स्पँगल. डॉमिनंट पाइडही एका प्रतीवर दिसतो. नवीन सुरुवात करणाऱ्याने यांपासूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

उलटी तक्रार: नको तो रंग आला

दोन हिरव्यांना निळं पिल्लू झालं तर घाबरू नका. दोघेही स्प्लिट ब्लू होते, एवढंच. उलट ही आनंदाची बातमी आहे, कारण आईबापांबद्दल फुकट माहिती मिळाली.

अल्बिनोच्या पोटी अचानक गडद निळा कोबाल्ट किंवा स्पँगल आला तरी नवल नाही. अल्बिनोच्या पांढऱ्याखाली काय दडलंय ते दिसत नाही, कारण नक्षी आणि गडदपणा दोन्ही मेलॅनिनवर अवलंबून असतात आणि त्याच्याकडे मेलॅनिनच नाही.

दोन निळ्यांना हिरवं पिल्लू मात्र होत नाही. झालं तर बाप दुसरा आहे किंवा अंडं दुसरीचं आहे. फक्त यलोफेस आणि गोल्डनफेस नीट बघून घ्या. काही गोल्डनफेसमध्ये चेहऱ्याचा पिवळा पूर्ण अंगावर उतरतो आणि पक्षी समुद्री हिरवट दिसतो, पण तो घराण्याने निळाच. यलोफेसचं आणखी एक विलक्षण आहे. पहिल्या प्रकारच्या यलोफेसच्या दोन प्रती आल्या तर चेहरा पिवळा दिसतच नाही, पक्षी साध्या निळ्यासारखा पांढऱ्या चेहऱ्याचा दिसतो. असा पक्षी साध्या निळ्याला लावला की सगळीच पिल्लं यलोफेस. मला हा सगळा विषय आवडतो तो अशा गोष्टींमुळे.

व्हायोलेटबद्दल थोडक्यात. गडद निळा म्हणजे व्हायोलेट नाही. रंग गडद करणाऱ्या जनुकाला डार्क फॅक्टर म्हणतात. निळ्यात तो एक असला तर कोबाल्ट, दोन असले तर मॉव्ह. खरा जांभळा दिसायला निळं घराणं, एक डार्क फॅक्टर आणि व्हायोलेट फॅक्टर हे तिन्ही लागतात, म्हणून दोन व्हायोलेटची सगळी पिल्लं व्हायोलेट येत नाहीत. कोबाल्ट आणि कोबाल्टचीही नाहीत: साधारण पाव स्काय ब्लू, अर्धी कोबाल्ट, पाव मॉव्ह.

लाल किंवा गुलाबी बजी नसतो. पिसं तशी दिसत असतील तर तो रंगवलेला आहे, आणि पक्षी स्वतःची पिसं चोचीने साफ करतो तेव्हा तो रंग त्याच्या पोटात जातो. तो घेऊ नका, घ्यायला दुसऱ्यांनाही सांगू नका.

रंगाच्या मागे लागून मादी गमावू नका

एवढं सगळं कळल्यावर मोह होतो की एकच जोडी सतत लावत राहायची, रंग येईपर्यंत. इथे मला हात जोडून सांगायचंय. बजीची मादी एक दिवसाआड अंडं घालते, चार ते सहा अंडी, प्रत्येक अंड्याला अठरा दिवसांची ऊब, मग महिनाभर पिल्लांना भरवणं. एका क्लचमध्ये तिच्या हाडांतलं कॅल्शियम किती निघून जातं ते मादीकडे बघून कळत नाही, आणि कळतं तेव्हा अंडं अडकून ती पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलेली असते. अशी दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, ऊब द्या आणि लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. काही तासांचा प्रश्न असतो.

मादी वर्षाची झाल्याशिवाय मटका देऊ नका. दोन क्लच झाले की मटका काढा, नर वेगळा करा, पाच-सहा महिने विश्रांती. राळे, म्हणजे दुकानातली कांगणी, आणि बाजरी एवढ्यावर अंड्याचं कवच बनत नाही. कटलबोन (कॅल्शियमसाठी चोचीने खरडायचं समुद्री हाड) कायम हवा, उकडलेलं अंडं आणि पालेभाजी आठवड्यातून दोन-तीनदा. मुंबईत मटका लावायचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पत्र्याखालच्या गॅलरीत मटक्यातली पिल्लं उकाड्याने दगावतात, आणि पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते. जुलैमध्ये दाण्याचा डबा उघडल्यावर कुबट वास आला तर तो दाणा मायेने चाळत बसू नका, टाकून द्या.

रंग पक्का करण्यासाठी भाऊ-बहीण किंवा बाप-मुलगी लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. अशा जोडीच्या पिल्लाच्या जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता सरासरी २५ टक्के असते. तुम्हाला हवा तो रंग जसा वर येतो, तसेच आत दडलेले दोषही वर येतात. अंड्यातच मरणारी पिल्लं, लहान अंगाचे, लवकर आजारी पडणारे पक्षी अशा घराण्यांत वाढत जातात. दुसऱ्या घराण्यातला धडधाकट साधा पक्षी आणून एक पिढी स्प्लिट करा, मग दोन वेगळ्या घराण्यांतले स्प्लिट एकत्र आणा. वर्षभर जास्त लागतं. लागू दे.

पंखांची आणि शेपटीची लांब पिसं गळालेलं, उडू न शकणारं पिल्लू, ज्याला आपण रनर म्हणतो, ते म्युटेशन समजून सांभाळणारेही मी पाहिलेत. हा बहुतेक वेळा विषाणूचा आजार असतो, पॉलिओमा किंवा पीबीएफडी (चोच आणि पिसांचा आजार). चाचणी होते. निकाल येईपर्यंत त्या जोडीचं ब्रीडिंग थांबवा, तिथला पक्षी कुणाला देऊ नका, आणि मटके फेकून द्या.

वही

प्रत्येक पिल्लाच्या पायात पाचव्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान बंद रिंग घाला, नंतर ती जात नाही. वहीत रिंग नंबर, आई, बाप, अंड्याची तारीख, पिल्लाची तारीख, जन्मतः डोळ्याचा रंग, पिसं आल्यावरचा रंग लिहा. फुटलेलं अंडं आणि मेलेलं पिल्लूही लिहा. आजोबा-आजी लिहून ठेवलेले असतील तर स्प्लिटचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही. मला विचारायचं असेल तर त्या पानाचा फोटो पाठवा, सोबत दोन्ही पक्ष्यांचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो, ज्यात डोळा आणि नाकाची गादी स्पष्ट दिसेल. पिंजऱ्यात आणखी कोणी पक्षी होते का, तेही लिहा.

आणि ती पाच हिरवी पिल्लं विकून टाकू नका. लुटिनो मादी आणि हिरव्या नराची असतील तर त्यातला प्रत्येक नर शंभर टक्के स्प्लिट आहे, आणि असा वंश पक्का माहीत असलेला नर बाजारात सहजी मिळत नाही. मुली चांगल्या घरी द्या, त्या साध्या हिरव्याच आहेत. डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा पुढच्या ऑक्टोबरात दहा महिन्यांचा, जोडीला तयार. त्याच्यासाठी दुसऱ्या घराण्यातली, वर्षाच्या वरची लुटिनो मादी आतापासून बघून ठेवा, आणि सप्टेंबर संपायच्या आत तिला बाकी नरांपासून वेगळी करा.